अभ्यासाचा कॉम्प्युटर

त्या माणसाबद्दल कुणी माझ्यासमोर चांगलं बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. "फार सरळ माणूस हो," म्हणतात. "एक रुपया जास्त घ्यायचा नाही, एक शब्द खोटा बोलायचा नाही." यातलं एकही वाक्य मला खोडता येत नाही, आणि त्याचीच जास्त चीड येते. लबाड माणसावर रागावणं सोपं असतं. चार लोक आपल्या बाजूने बोलतात, "जाऊ दे गं, तो तसलाच" म्हणतात. सरळ माणसाने आपलं वाटोळं केलं तर तोंड वर करून सांगायचं कुणाला?

कर्जतला स्टेशनमागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. कॉम्प्युटरचे सुटे भाग आणि दुरुस्ती. दुकान पिठाच्या गिरणीला चिकटून होतं. दिवसभर पीठ उडायचं. ते दर अर्ध्या तासाने रंगाचा ब्रश घेऊन काउंटर झाडायचे आणि भिंतीकडे तोंड करून गिरणीवाल्याला शिव्या घालायचे. गिरणीवाला पलीकडून "हो, हो" म्हणायचा आणि गिरणी चालूच ठेवायचा. कुणी म्हटलं, जागा बदला ना, तर उत्तर ठरलेलं. "मी आधी आलोय. गिरणी नंतर आली. तिनं बदलावी."

वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने काटकुळे, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. त्यांना काका म्हटलेलं चालायचं नाही. "काका म्हंजे आता पाचशे कमी करायला सांगणार. गिऱ्हाईक हायेस, गिऱ्हाइकासारखं बोल." त्यामुळे हाक मारायला काही उरायचंच नाही, सगळे "अहो"वर भागवायचे. ते स्वतः मात्र गिऱ्हाइकाला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारत. "ए खालापूर, तुझा बोर्ड आला रं." "कशेळे, पाय काढ वायरीवरनं." मी पोशीरची, म्हणून मी "पोशीर". माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

दुकानात शिरणाऱ्याला पहिला प्रश्न एकच असायचा, "काम काय?" बजेट किती, कुठल्या कंपनीचा, हे सगळं नंतर. काम सांगितलं की ते जुन्या कॅलेंडरच्या पानामागे यादी लिहायला घ्यायचे. कशेळ्याचा एक फोटोग्राफर आला होता, त्याने सांगितलं, लग्नाचे अल्बम करायचेत. त्याला त्यांनी अर्ध्या किमतीत असं मशीन बसवून दिलं की तो अजून दर दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन जातो. ते तो पुडा गिरणीवाल्याला देतात. त्या फोटोग्राफरने माझ्या मावसभावाला सांगितलं, मावसभावाने मला. अशी मी तिथे जाऊन पोचले.

मी माथेरानला एका हॉटेलात रिसेप्शनवर काम करते. तेव्हाही तेच करत होते. सकाळी पोशीरहून नेरळ, नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरीला, तिथून पुढे गाडी जात नाही म्हणून लाल मातीतून चालत. दिवसभर लोक माझ्यावर ओरडणार. दरीकडची खोली का नाही, घोडेवाल्याने जास्त का घेतले, माकडाने चिप्स नेले त्याचं तुम्ही काय करणार. दिवसभर हसून "सॉरी सर" म्हणून म्हणून माझे गाल दुखायचे. बदलापूरला मावसभावाकडे मी एक गेम पाहिला होता. ट्रक चालवायचा. कुणाला मारायचं नाही, काही जिंकायचं नाही, माल भरायचा आणि डोंगरातल्या रस्त्याने तो पोचवायचा. मी तिथे दोन तास बसले होते. दोन तासांत माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की त्यासाठी मी दोन सीझनच्या टिपा खर्च न करता बाजूला ठेवल्या, आणि फोनवर व्हिडिओ बघून बघून कुठला प्रोसेसर, कुठलं कार्ड, याची यादी पाठ केली. तयार कॉम्प्युटर परवडणारे नव्हते. भाग निवडून स्वतः जोडला तरच जमणार होतं.

आता घरचं सांगते. माझे बाबा कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या विहाराला लागून असलेली अभ्यासिका चालवायला लागले. सकाळी उघडायची, वर्तमानपत्रं लावायची, पोरांच्या नावाची वही ठेवायची. शिकणं ही आमच्या घरात गंमत नव्हती. आजोबांना शाळेच्या बाहेर बसवलेलं बाबांनी ऐकलेलं होतं. मी स्पर्धा परीक्षा देणार, अधिकारी होणार, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. एकदा दिली होती, पडले होते. परत देणार नव्हते, हे मात्र फक्त मला माहीत होतं. त्या घरात "मला गेम खेळायला कॉम्प्युटर हवाय" हे वाक्य बोलायचं कसं, ते मला कुणी शिकवावं.

तर मी दुकानात गेले आणि त्यांनी विचारलं, "काम काय?"

गिरणीत माझ्या मावशीची नणंद दळण घेऊन बसली होती. कान आमच्याकडेच होते. आणि खरं सांगायचं तर ती नसती तरी मी तेच बोलले असते. वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं होतं.

"अभ्यासाला," मी म्हटलं. "स्पर्धा परीक्षा."

त्यांनी माझ्या हातातली यादी घेतली, चष्मा वर केला. "ग्राफिक कार्ड? अभ्यासाला?"

"ते लेक्चरचे व्हिडिओ असतात ना. नीट दिसायला पायजेत."

"व्हिडिओ कार्डाबिगर दिसतात." त्यांनी कार्डावर काट मारली. "परत इचारतो. काम काय?"

"अभ्यास."

"तिसऱ्यांदा इचारतो, पोशीर. नंतर बोंबलायचं नाय. कशाला पायजे?"

"सांगितलं ना, अभ्यासाला!"

"बरं." आणि त्यांनी भराभरा यादी लिहिली. साधा प्रोसेसर, साधा बोर्ड, छोटा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा तो डबा. माझं लाइटवालं काचेचं कॅबिनेटही कापलं. "लाइट कशाला? घरात बल्ब नाय?" मी मनात म्हटलं, आजकाल प्रोसेसरमध्येच थोडंफार ग्राफिक असतं, व्हिडिओत सांगतात, होईल आपलं काम. माणूस जाणकार आहे. चार पैसे वाचतायत तर वाचू देत.

जोडणी त्यांच्याच दुकानात, माझ्या सुट्टीच्या मंगळवारी झाली. तीही त्यांची एक तऱ्हा. गिऱ्हाइकाच्या मशीनला ते बोट लावायचे नाहीत. स्टुलावर बसून दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायचे आणि नुसते ओरडायचे. "उलटा धरलास! खाच बघ, खाच!" "रॅम हाय ती, पापड नाय, दाब जोरात!" मी घामाघूम. एक स्क्रू आत पडला तर अख्खं कॅबिनेट उलटं करून हलवायला लावलं, स्वतः वाकले नाहीत. पण बटण दाबल्यावर पंखा फिरला आणि पडद्यावर अक्षरं आली तेव्हा मी आनंदाने ओरडले. माझ्या हाताने केलेलं ते पहिलं काहीतरी होतं. ते म्हणाले, "आता बिलाचं बघ."

घरी आणला. बाबांनी वस्तीला पेढे वाटले.

तो गेम त्या कॉम्प्युटरवर कसा चालला ते सांगते. रस्ता थांबून थांबून यायचा. वळण दिसेपर्यंत ट्रक दरीत. चित्राची सगळी सेटिंग कमी करून पाहिली, पडदा अर्धा करून पाहिला, तरी तेच. आईने मागून विचारलं, "काय गं, परीक्षेचंच ना?" मी म्हटलं, हो, भूगोल.

पुढच्या मंगळवारी मी दुकानात गेले ती भांडायलाच गेले. माझा आवाज गिरणीच्या वर गेला होता.

"गेम चालत नाय त्याच्यावर!"

"अभ्यास चालतो का?"

"तुमाला कळलं होतं! यादीत कार्ड बघून तुमाला कळलं होतं!"

"कळलं होतं."

"मंग बोलला का नाय?"

"तीनदा इचारलं. आणखी काय, पाया पडू?"

"बरं, मंग आता कार्ड द्या, लावते मी."

"नाय लागणार. एसएमपीएस छोटा हाय. कार्डाला मोठा लागतो. अभ्यासाचा केलाय, अभ्यासाचाच राहील."

"परत घ्या तो."

"वापरलेला माल परत घेत नाय. पाटी वाच."

मी पाटी वाचली नाही. मी काउंटरवरचा तो पिठाचा ब्रश उचलून भिरकावला, तो रस्त्यात जाऊन पडला. ते उठले, रस्त्यातून ब्रश आणला, झटकला आणि जागेवर ठेवला. रागावलेसुद्धा नाहीत. मला अजून वाटतं, निदान तेव्हा तरी त्यांनी रागवायला हवं होतं.

बाहेर आल्यावर गिरणीवाल्याने मला पाणी दिलं आणि त्यांची सगळी कथा ऐकवली. कथा ऐकून मी विरघळेन असं त्याला वाटलं असावं. हे गृहस्थ आधी कुंभिवलीच्या एका कारखान्यात होते. मीटर बघायचे, दर तासाला आकडा वहीत लिहायचा. बाकी सगळे बसल्या जागी एकच ठरलेला आकडा लिहायचे, हे मात्र जाऊन बघून खरा लिहायचे. वहीत एका माणसाच्या पाळीत आकडा खालीवर आणि बाकीच्यांच्या पाळीत सरळ. तपासणी आली, मोठा गोंधळ झाला, आणि शेवटी कामावरून गेलं कोण, तर हेच. "बघ, असा माणूस," गिरणीवाला म्हणाला. 

मी विचारलं, "आणि घरचे?"

"बायको पोरीकडं असते, पनवेलला. नाय जमलं त्यांचं."

लोक त्या वहीचं कौतुक करतात. मला ती बाई दिसते, पगार बंद झालेल्या घरात डबे उघडून बघणारी. त्यांनी खरा आकडा लिहिला ते योग्यच केलं, यात वाद नाही. पण खरं बोलायची किंमत दरवेळी शेजारच्यानेच का मोजायची? हा प्रश्न मी गिरणीवाल्याला विचारला नाही. तो बिचारा पाणी देत होता.

पावसाळ्यात माथेरान ओस पडतं, पगार अर्धा होतो. मला पुन्हा पैसे जमवायला पुढची मे महिन्याची गर्दी उलटून जावी लागली. तोवर तो अभ्यासाचा कॉम्प्युटर घरात होता आणि मी त्याच्यावर रोज संध्याकाळी अभ्यासाचं नाटक करत होते. बाबा दारातून डोकावायचे आणि पावलं न वाजवता मागे जायचे. त्या पावलांचा मला राग यायचा. माझा स्वतःचाही यायचा, खोटं कशाला सांगू.

जूनच्या सुरुवातीला मी परत दुकानात गेले. दुसरीकडे जाता आलं असतं. गेले नाही, कारण मला त्या माणसाच्या तोंडावर बोलायचं होतं. गिरणीत बायका बसल्या होत्या. मी मुद्दाम मोठ्याने बोलले.

"खेळायला पायजे. ट्रकचा गेम हाय. बाकी काय काम नाय."

ते एकदम दुसरेच झाले. स्टूल पुढे ओढलं. "कुठला? किती मोठा? पडदा केवढा हाय तुझा?" पडदा जुना, छोटा आहे म्हटल्यावर त्यांनी मी आणलेल्या यादीतलं महागडं कार्ड कापलं. "एवढ्या पडद्याला हे कशाला? दोन पायऱ्या खालचं घे, तुझ्या डोळ्याला फरक कळणार नाय." वाचलेले पैसे एसएमपीएसमध्ये घालायला लावले. "पोशीरची लाइट नाचते. हितं पैसे वाचवशील तर कार्ड जळंल." कुणा मेंबरच्या पोराचं वापरलेलं कार्ड स्वस्तात मिळत होतं, त्याला हात लावू दिला नाही. अख्खी दुपार फोन लावत होते, कुठे काय भाव आहे. इतक्या मायेने माझ्या इच्छेचा विचार त्याआधी कुणी केलेला नव्हता. म्हणूनच पुढचं आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

शेवटी म्हणाले, "आधी घरचं अर्थिंग बघतो. अर्थिंग नसंल तर कार्ड देणार नाय."

मी म्हटलं, नको, घरी नको. पण माल त्यांच्या ताब्यात होता.

ते रविवारी सकाळीच, मी कामावर निघायच्या आत, पोशीरला आले. खांद्याला पिशवी, हातात होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब. बल्ब पेटला तर अर्थिंग आहे, नाही पेटला तर नाही, अशी त्यांची परीक्षा. बाबांनी त्यांना खुर्ची दिली. कॉम्प्युटरवाले साहेब आलेत म्हणून अभ्यासिकेतली चार-पाच पोरं आणि शेजारचे दोघं दारात जमले. बल्ब पेटला नाही. "नाय हाय अर्थिंग," ते म्हणाले आणि वायरी गुंडाळायला लागले. तेवढ्यात बाबा, सगळ्यांच्या देखत, छाती काढून म्हणाले, "करून घेऊ साहेब. पोरीच्या अभ्यासाला आमी काय कमी पडू देणार नाय."

मी दुकानवाल्यांकडे बघितलं. हात जोडायचेच बाकी ठेवले होते. त्यांनी माझा चेहरा बघितला, नीट बघितला. आणि म्हणाले,

"अभ्यासाला नाय हो. खेळायला हाय. ट्रकचा गेम."

कुणी त्यांना विचारलं नव्हतं. पोरं हसली. बाबांनी मला विचारलं, "काय म्हणतात गं हे?"

मी म्हटलं, "खरं हाय." आणि मग एकदम सगळंच बाहेर आलं. परीक्षा देणार नाही, वर्षभर अभ्यास केला नाही, भूगोल वगैरे काही नव्हतं.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दारातल्या पोरांकडे बघितलं. "ह्यांना मी तुझं नाव सांगतो गं तितं. रोज सांगतो." मग उठले, कॉम्प्युटरची पिन काढली आणि वायर नीट गुंडाळून वर ठेवली. "हा घरात नको." आणि अभ्यासिकेकडे चालू लागले.

पुढच्या मंगळवारी मी तो कॉम्प्युटर माथेरानला, हॉटेलच्या आमच्या स्टाफ खोलीत न्यायचं ठरवलं. मॅनेजरची परवानगी काढली. कार्ड आणि नवा एसएमपीएस सकाळी कर्जतला दुकानात बसवला, ते मांडीखाली हात घेऊन ओरडत असताना. त्यांच्याशी मी एक शब्द बोलत नव्हते. ते दुकान बंद करून निघाले. "तितलं अर्थिंग बघतो," म्हणाले.

दस्तुरीला उतरल्यावर पडदा रजईत गुंडाळून हमालाच्या डोक्यावर दिला. कॅबिनेट घोड्यावर ठेवायला गेले तर ते आडवे आले. "घोड्यावर नाय. हादऱ्यानं कार्ड निघंल." मी म्हटलं, मग हमालाला द्या. "तो आपटंल. तुझा हाय, तू उचल." अशी मी ते कॅबिनेट कधी कमरेवर, कधी डोक्यावर घेऊन लाल मातीतून चालले, आणि हा माणूस पुढे, हातात बल्ब आणि पहार, समोरून येणाऱ्या घोडेवाल्यांना "बाजू, बाजू!" म्हणून ओरडत. पर्यटक फोटो काढत होते. मला वाटलं, कॅबिनेट त्यांच्या पाठीत घालावं.

खोलीतही बल्ब पेटला नाही. मग त्यांनी मागच्या बाजूला खड्डा घेतला. तिथे मातीखाली लगेच दगड लागतो. भर दुपारी दोन तास खणलं, सळई ठोकली, कोळसा आणि मीठ मागवून भरलं, वर पाणी ओतलं. कुणाला हात लावू दिला नाही. बल्ब लख्ख पेटला. पैसे विचारले तर म्हणाले, "कार्डाच्या बिलात हाय." नव्हते. मी बिल दोनदा वाचलेलं होतं. आयुष्यात ते एवढंच खोटं बोलले असतील, आणि तेही माझ्या बापासमोर नाही, इथे.

मी गेम लावला. रस्ता सरळ, गुळगुळीत, एकाही ठिकाणी न थांबता समोरून येत गेला. ट्रकमध्ये लाकडं भरली होती. काचेवर पाऊस पडत होता, वायपर फिरत होते. दूर डोंगर दिसत होते, झाडं आपापल्या जागी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी ते पुसलं नाही, दोन्ही हात गुंतलेले होते.

ते माझ्या मागे मातीच्या हातांनी उभे राहून बघत होते. दहा मिनिटं झाली असतील.

"पुढं काय होतं?"

"काय नाय. माल पोचतो."

"मंग?"

"मंग दुसरा माल."

 मग त्यांना खरंच कळत नव्हतं अशा आवाजात म्हणाले, "कुंभिवलीला हायवेवर उभी राहिली असतीस तर दिवसभर फुकट दिसले असते गं. एवढ्यासाठी बापाशी वाकडं घेतलंस?"

मी ट्रक रस्त्याच्या कडेला उभा केला. वळून बघितलं. रविवारपासून पाठ केलेलं सगळं भांडण तोंडात आलं होतं. तुम्ही सांगितलंत त्यांना, तुम्ही, मी हात जोडत असताना. त्यातलं एकही वाक्य मी बोलले नाही.

"हो," मी म्हटलं. "एवढ्यासाठीच. आता जावा तुमी. मला खेळायचंय."

त्यांनी पहार उचलली, बल्ब पिशवीत टाकला, दारात बसून चपला घातल्या. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. ते गेल्यावर उठून दाराला आतून कडी घातली आणि परत येऊन बसले. लाकडं पोचवायची होती आणि पुढे अजून बराच घाट बाकी होता.